कप हातात असेपर्यंत

लग्नाच्या खर्चाच्या यादीत चहा-कॉफीचा काउंटर नेहमी शेवटून दुसऱ्या ओळीत येतो: पार्किंगवाल्या पोरांच्या खाली आणि जनरेटरच्या डिझेलच्या वर. पनीरच्या भाज्या दोन ठेवायच्या की तीन, यावर दोन्ही घरांच्या बैठका होतात. स्टेजमागच्या फुलांच्या रंगावरून नवरीची धाकटी बहीण अबोला धरते. चहाच्या वाट्याला एवढंच येतं की कॅटरर वही मिटता मिटता विचारतो, ‘चहा-कॉफी ठेवतोच आहे ना, काका?’ आणि पनीरने दमलेले काका म्हणतात, ‘ठेवा की.’ माझं म्हणणं असं की निदान सुरतेत तरी ही यादी खालून वर वाचायला हवी. इथल्या रिसेप्शनमध्ये तहान लागली म्हणून कुणी चहा पीत नाही, तरतरी यावी म्हणूनही फारसं कुणी पीत नाही. चहा घेतात तो उभं राहायला कारण मिळावं म्हणून. ज्याच्या हातात कप आहे त्याला ‘जेवलात का?’, ‘बसा ना’, ‘स्टेजवर जाऊन आलात का?’ यांपैकी काहीही विचारता येत नाही. तो कामात असतो. कप संपला की तो पुन्हा बेवारस. काउंटर कुठे मांडायचा, कप केवढा, पेयं किती, भांड्यापाशी कोण, हे सगळे प्रश्न या एका गोष्टीवरून सुटतात, आणि ती विसरली की सगळेच फसतात.

जगात इतरत्र हे काम दारू करते. हातात ग्लास धरून अनोळखी माणसाशेजारी तासभर उभं राहायचं, यावरच बहुतेक देशांतल्या मेजवान्या चालतात. गुजरातेत ती सोय नाही. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा १९६० साली राज्याची वाटणी झाली तेव्हा दोन्हीकडे आला. महाराष्ट्राने तो परवान्यांच्या फायलीत नीट लावून ठेवला, गुजरातने पाळायचं ठरवलं. निदान लॉनवर, दिव्यांच्या उजेडात, व्याह्यांच्या देखत तो पाळला जातो. सुरतेतल्या उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या भागांतली मराठी वस्ती मुख्यतः खानदेशातून कापडाच्या कारखान्यांसाठी आलेली. त्यामुळे तिथल्या लग्नांचं वऱ्हाड बऱ्याचदा जळगाव-उधना मार्गावरून येतं, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार करत. वाटेत नवापूरचं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. एका बाकावर तर दोन राज्यं बसतात. वऱ्हाडातल्या काही उत्साही मंडळींना त्या बाकाचं महत्त्व समजावून सांगावं लागत नाही. त्याच्या पुढे उधन्यापर्यंत आणि उधन्यापासून लॉनपर्यंत जे काही हातात धरायचं ते चहाचंच.

आणि सुरतेने हा मार्ग कायदा यायच्या आधी सव्वातीनशेहून जास्त वर्षं शोधून ठेवला होता. १६१६ साली एडवर्ड टेरी नावाचा पाद्री सुरतेला उतरला आणि पुढे सर टॉमस रोच्या वकिलातीत गेला. त्याने लिहून ठेवलं आहे की इथले धर्माने कडक लोक दारूला शिवत नाहीत, त्याऐवजी कॉफी नावाचं काहीतरी पितात, आणि ते चवीपेक्षा प्रकृतीला बरं असतं. आजही लग्नातल्या कॉफीचं याहून नेमकं वर्णन करता येणार नाही. पुढे १६८९ मध्ये इंग्लंडहून निघालेल्या जॉन ओव्हिंग्टनने सुरतेच्या प्रवासावर अख्खं पुस्तक लिहिलं. त्यात इथले बनिये चहा-कॉफी मनसोक्त पितात, चहात गरम मसाले उकळतात, खडीसाखर घालतात, आणि डोकेदुखी-पोटदुखीवर तो गुणकारी मानतात, असं आहे. सुरतेतल्या डच वखारीत चहाची किटली क्वचितच चुलीवरून उतरते, हेही त्याने नोंदवलं आहे. म्हणजे आजच्या मसाला चहाचा काउंटर, त्याच्या औषधी गुणांच्या भाषणासकट, औरंगजेबाच्या काळात तयार होता. माणूस परतल्यावर इतका भारावलेला होता की १६९९ मध्ये त्याने केवळ चहावर वेगळा निबंध छापला. उलट बाजूचा पुरावाही सुरतेकडेच आहे. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराज आले तेव्हा इथला सुभेदार इनायतखान किल्ल्यात जाऊन बसला. पाहुण्यांची विचारपूस करायला वेशीवर कुणी थांबलं नाही. परिणाम इतिहासात आहेत.

आता आजच्या पाहुण्याकडे पाहू. सुरतेत लग्नांची गर्दी ठरावीक आठवड्यांत होते, कारण डिसेंबरच्या मध्यापासून उत्तरायणापर्यंत कमुरतां, त्या काळात गुजराती लग्नं नसतात. मग उरलेल्या मुहूर्तांवर सगळं शहर तुटून पडतं. रिंग रोडच्या कापड बाजारातल्या व्यापाऱ्याला एका रात्रीत तीन रिसेप्शनं असणं ही तक्रार नसून प्रतिष्ठा आहे. हा माणूस तीनदा जेवू शकत नाही. तो पहिल्या ठिकाणी ‘पुढे जेवायचं आहे’ म्हणतो, शेवटच्या ठिकाणी ‘जेवून आलोय’ म्हणतो, आणि मधल्या ठिकाणी दोन्ही म्हणतो. पण चांदलो, म्हणजे आहेराचं पाकीट, दिला, स्टेजवर फोटो काढला आणि काही न घेता निघाला, तर यजमानाला लागतं. तो चहा घेतो. तीन ठिकाणी तीन चहा सहज होतात, तिन्ही यजमान म्हणू शकतात की शेठ आले, थांबले, घेऊन गेले. अख्ख्या मेन्यूत हे काम करणारा दुसरा पदार्थ नाही. उंधियू, पोंक, लोचो यांची ताकद मोठी, पण ती पोट रिकामं असलेल्या माणसावरच चालते.

यावरून कपाचा आकार ठरतो, आणि इथेच बहुतेक यजमान चुकतात. मोठा कप उदार दिसतो म्हणून दीडशे मिलिलिटरचे कागदी कप आणले जातात. सहाशे पाहुण्यांनी एकेक घेतला तर नव्वद लिटर चहा लागतो, आणि त्यातला निम्मा खुर्च्यांखाली थंड होऊन वेटरच्या बादलीत जातो. कारण तीन रिसेप्शनांच्या माणसाला दीडशे मिलिलिटर संपवायला वेळ नसतो आणि अर्धा टाकायला संकोच वाटतो. साठ मिलिलिटरचा कटिंगचा कप ठेवा. माणशी दीड कप धरला तरी चोपन्न लिटरमध्ये भागतं, दूध सत्तावीस लिटर. शिवाय लहान कपाचा मोठा गुण असा की तो संपतो. संपला की दुसरा घ्यावा लागतो, म्हणजे पुन्हा रांग, पुन्हा कुणाच्या तरी शेजारी उभं राहणं. ज्या दोन चुलतभावांनी विहिरीच्या हिश्श्यावरून बोलणं टाकलं आहे ते जेवणाच्या टेबलावर एकमेकांसमोर बसणार नाहीत. पण चहाच्या रांगेत एकामागे एक आले तर पुढच्याला मागच्याकडे कप सरकवावाच लागतो. ‘घे’ एवढं तरी म्हणावं लागतं. वाघबकरी चहाच्या डब्यावर १९३४ पासून वाघ आणि बकरी एकाच कपातून चहा पिताहेत. व्यवहारात दोन कप लागतात, पण काउंटर एकच पुरतो.

हातात नुसता कप घेण्याला किती वजन असतं हे मराठी माणसाला तरी सांगायला नको. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये व्याख्यानाला आलेल्या मंडळींना चहा-बिस्किटं दिली गेली. पाहुण्यांत रानडे होते, टिळक होते. काहींनी चहा घेतला, काहींनी यजमानाचा मान राखायला कप नुसता हातात घेऊन बाजूला ठेवला. गोपाळराव जोशांनी हजर असलेल्यांची नावं जाहीर केली आणि मग शंकराचार्यांपर्यंत खटला, ग्रामण्य, प्रायश्चित्त असं ते प्रकरण दोन वर्षं रेंगाळलं. त्या सभेत व्याख्यान कशावर झालं हे आज कुणाला आठवत नाही. चहा सगळ्यांना आठवतो. रिसेप्शनचंही तेच. स्टेजमागची फुलं कोणत्या रंगाची होती हे महिन्याभराने धाकट्या बहिणीखेरीज कुणी सांगू शकत नाही, पण कोणाचा कोणाबरोबर चहा झाला ही बातमी वऱ्हाडाच्या आधी अमळनेरला पोचते.

इथे इव्हेंटवाल्यांचा पहिला आक्षेप येतो. त्यांचं म्हणणं, जमाना निवडीचा आहे. काउंटरवर मसाला चहा, आल्याचा, वेलचीचा, ग्रीन टी, काश्मिरी कहवा, हॉट चॉकलेट, फिल्टर कॉफी, केशरी दूध आणि बदाम दूध असावं, वर लाकडी पाटी, पाटीवर खडूने लिहिल्याचा भास देणारी अक्षरं. मला निवडीचं वावडं नाही, पण निवड करायला वेळ लागतो आणि रांग निवडीपाशी अडते. नऊ नावं वाचून झाल्यावर दहापैकी नऊ माणसं ‘साधा चहा आहे का?’ असंच विचारतात. दहावा कहवा मागतो, पहिल्या घोटाला त्याला तो पाणचट लागतो, आणि तो कप सजावटीच्या कुंडीत ओतून साध्या चहाच्या रांगेत उभा राहतो. त्या कुंडीतलं रोप भाड्याचं असतं, हा खर्च पाटीवर लिहिलेला नसतो.

मात्र सुरतेत विविधतेची एक खरी गरज आहे आणि ती पाटीवाल्यांच्या ध्यानातही येत नाही. पाहुण्यांत जैन कुटुंबं असणार. हिऱ्याच्या आणि कापडाच्या धंद्यात असाल तर भरपूर असणार. जैनांना आलं चालत नाही, ते जमिनीखाली वाढतं, सुंठ चालते. म्हणजे उदार मनाने किलोभर आलं किसून घातलेल्या चहाने तुम्ही आमंत्रितांपैकी मोठ्या गटाला एका फटक्यात बाहेर काढता, आणि ते बिचारे सभ्यपणे ‘आत्ताच झाला’ म्हणतात. यावरचा सुरती तोडगा आधीपासून तयार आहे: फुदिना आणि गवती चहा. दोन्ही जमिनीच्या वर उगवतात, दोन्हींचा वास लॉनच्या फाटकापर्यंत जातो, आणि दक्षिण गुजरातेत पारशांपासून सगळ्यांना त्यांची सवय आहे. अगदी कडक पाळणारे अष्टमी-चतुर्दशीला हिरवी पानंही टाळतात. मुहूर्त त्या तिथीचा असेल तर एका पातेल्यात फक्त वेलची घाला. ज्यांना चहाच वर्ज्य त्यांच्यासाठी दुधात मसाला उकळलेला उकाळो हवा. आणि सूर्यास्तानंतर फक्त उकळलेलं पाणी घेणाऱ्यांसाठी एक स्वच्छ, वेगळा, झाकलेला पाण्याचा बंब हवाच हवा. रात्री पाणीही वर्ज्य मानणारे, चौविहार पाळणारे तेही घेणार नाहीत, पण त्यांना दिसेल की कुणीतरी त्यांचा विचार केला. नऊ निरुपयोगी पेयांपेक्षा हा एक बंब अधिक लोकांना थांबवून ठेवतो, आणि त्याला खर्च गॅसचा.

चहा करणाऱ्याबद्दल दोन शब्द. कॅटररची माणसं बऱ्याचदा संध्याकाळी सहाला सगळा चहा एकदम करून स्टीलच्या टाकीत भरतात. तासाभरात तो काळपट, तुरट होतो. उरलेली रात्र पाहुणे तोच साखरेच्या बळावर पितात. चहा दर वीस मिनिटांनी नवा हवा, पातेल्यात, पाहुण्यांच्या डोळ्यांसमोर. चांगला चहावाला आधी पाण्यात पावडर, साखर आणि पानं उकळून घेतो, दूध मागाहून ओततो. फेस काठापाशी चढून आला की तो बर्नर बंद करत नाही, नुसता पळीने एकदा उचलून ओततो, आणि फेस आज्ञाधारकपणे खाली बसतो. हे तो तीनदा करतो. तिसऱ्यांदा रांगेतले सगळे बोलायचे थांबून पातेल्याकडे पाहतात, उतू जाईल या आशेने. ते जात नाही. मग फडक्यातून किटलीत, किटलीतून उंचावरून कपात. एवढं बघायला मिळालं की माणूस पाच मिनिटं आपसूक थांबतो, आणि आपल्याला हवी होती ती पाच मिनिटंच. टाकीच्या तोटीकडे पाहत कुणी थांबत नाही.

कॉफीच्या यंत्राचा मान मात्र मी राखीन. लग्नातली एस्प्रेसो म्हणजे इटलीशी संबंध नसलेली, पावडर कॉफी आणि साखर घोटून, वाफेवर फुगवलेल्या दुधाची कॉफी. चकचकीत नळकांड्यातून वाफेची नळी दुधाच्या जगात शिरते आणि असा कर्कश आवाज करते की आजूबाजूचं संभाषण अर्ध्यावर तुटतं. पुष्कळांना हा दोष वाटतो. मला त्यात यंत्राची समाजसेवा दिसते. लांबची मावशी ‘पगार किती मिळतो हो आता?’ असं विचारते आणि ‘पगार’पाशी नळी किंचाळते, पुढचं वाक्य वाफेत जातं, आणि आवाज थांबेपर्यंत मावशीला कोको पावडर शिंपडलेला कप मिळालेला असतो. एक यंत्र पुरे. दोन ठेवलीत तर कुणाचंच काही कळत नाही, मग लोक स्टेजकडे जातात.

जागा हा मुद्दा उरला. लॉनचे मालक काउंटर नेहमी जेवणाच्या शेवटी, मुखवासाच्या शेजारी मांडतात, म्हणजे पाहुणा चहा घेतो तेव्हा त्याच्या दुसऱ्या हातात गाडीची चावी असते. माझ्या मते तो चांदलोच्या टेबलापासून पंधरा-वीस पावलांवर, स्टेज दिसेल पण स्टेजवरून बोलावता येणार नाही अशा कोपऱ्यात हवा. कॅटररचा आक्षेप असा की लोक तिथेच रेंगाळतील आणि जेवण वाया जाईल. रेंगाळावेत म्हणूनच तर हा खटाटोप. जेवणावर हात मारायला आलेला माणूस साठ मिलिलिटर चहाने परावृत्त होत नाही; तो जेवून पुन्हा चहाला येतो. दुसरा आक्षेप सोज्वळ आहे: वेटर ट्रेमध्ये चहा फिरवतील, पाहुण्यांना त्रास कशाला? ट्रेचा चहा ज्या खुर्चीवर माणूस बसला आहे तिथेच त्याला खिळवतो. आत्याच्या शेजारी अडकलेला भाचा अडकलेलाच राहतो. त्याला ‘आलोच, चहा घेऊन येतो’ म्हणायची वाट ट्रेने बंद केली. म्हाताऱ्यांना आणि ज्यांना चालवत नाही त्यांना जागेवर जरूर द्यावा. बाकीच्यांना चालू द्या.

काउंटरवर घरचा एक माणूस उभा हवा, आणि तो निवडताना यादीत सगळ्यात जास्त रुसणारा कोण हे पाहावं. प्रत्येक घरात एक मामा किंवा फुवा असतात, ज्यांना फेटा उशिरा मिळाला, किंवा गुलाबजल दुसऱ्यावर आधी शिंपडलं गेलं. त्यांच्याकडे चहाचा कारभार द्या. ‘मामा, तुमच्याशिवाय हे कुणाला जमणार नाही’ हे वाक्य त्यांनी बरीच वर्षं ऐकलेलं नसतं. पुढचे चार तास ते प्रत्येकाला ‘अजून अर्धा घ्या’ म्हणतात, पातेल्यात डोकावतात, चहावाल्याला साखरेबद्दल सल्ले देतात. चहावाला ते ऐकत नाही. दोघांचंही समाधान होतं, आणि फेट्याचा विषय निघत नाही.

उकाड्याचा आक्षेप मला मान्य होण्यासारखा होता. सुरतेचा हिवाळा पंधरा अंशांवर आला की शहर स्वेटर घालून फोटो काढतं, पण खानदेशी लग्नं एप्रिल-मेमध्येही होतात, आणि समुद्राकाठची दमट हवा अंगाला चिकटते. गरम पेयाने घाम येऊन शरीर थंड होतं असं काही जण सांगतात. ते कोरड्या हवेत खरं, सुरतेत घाम वाळतच नाही, त्यामुळे हा बचाव मी घेणार नाही. पण जळगावात मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो आणि तिथल्या चहाच्या टपऱ्या त्या महिन्यात ओस पडल्याचं ऐकिवात नाही. त्या गावाहून आलेल्या वऱ्हाडाला सुरतेची मेमधली रात्र हवापालट वाटते. फक्त चहा उकळता देऊ नये: जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१६ मध्ये पासष्ट अंशांवरची पेयं अन्ननलिकेला बहुधा धोक्याची ठरवली आहेत. उंचावरून ओतण्यात आणि कागदी कप बोटांनी फिरवत ‘या ना एकदा घरी’ म्हणण्यात तेवढे अंश आपोआप उतरतात.

झोपेचं काय, हा घरातल्या डॉक्टरांचा प्रश्न. रात्री दहाला घेतलेल्या चहातलं निम्मं कॅफीन पहाटे तीनलाही रक्तात असतं, हे खरं आहे. पण रात्री दहाला, २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांमुळे, डीजे बंद होतो; संध्याकाळपासून पहिल्यांदा समोरच्याचं बोलणं ऐकू येतं, आणि नेमकी तेव्हा चहाची रांग सगळ्यात लांब असते. त्या वेळी काउंटर मिटवणं म्हणजे लग्न संपवणं. नवरीचे वडील त्या रात्री तसेही झोपत नाहीत. ते कुणी कुणी काय दिलं त्याची वही वाचत बसतात. आणि रेल्वेचं आरक्षण न मिळालेल्या वऱ्हाडाची बस अकराला निघते: व्यारा, सोनगड, नवापूर, मग कोंडाईबारीचा घाट चढून साक्री, धुळे. मागच्या पन्नास माणसांनी बिनधास्त झोपावं म्हणून एकाने जागं राहायचं असतं. शेवटच्या पातेल्यातला अर्धा लिटर, दुप्पट पावडरचा, मामांनी स्वतः थर्मासमध्ये भरून ड्रायव्हरच्या सीटशेजारी ठेवावा, आणि कॅटररने तो बिलात वेगळा लावला तर त्या एका ओळीवर घासाघीस करू नये. पनीरवर करावी.